रतनला चालेल असा घोडा

रहिमतपुरात घोड्यांविषयी मत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. घोडे मात्र सगळ्या गावात मिळून दोन, आणि दोन्ही अर्जुना दफेदाराचे. स्टेशन गावापासून लांब असल्यामुळे त्याच्या टांग्याला गिऱ्हाईक असायचं. सकाळच्या गाडीला तो रतनला जुंपायचा, संध्याकाळच्या गाडीला पाखऱ्याला. रतन कुमैत घोडी, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ. पाखऱ्या राखाडी, पाठीवर पांढरे ठिपके, स्वभावानं गरीब. गावात रिक्षा फिरायला लागल्या तरी चार म्हातारे हटून टांग्यानंच यायचे, कारण दफेदाराच्या गप्पा रिक्षात मिळत नसत.

दफेदार म्हणजे अर्जुना रणपिसे. वय पंचावन्नच्या घरात, मिशा पांढऱ्या पण पिळदार, चालताना अजून पाय आपटायची सवय. फौजेतल्या चोवीस वर्षांत त्यानं बंदुकीपेक्षा घोडं चोळायचा खराराच जास्त हातात धरला. सहारनपूरच्या डेपोत, फौजेची घोडी जिथं तयार होतात तिथं, त्यानं शेकड्यांनी घोडी चोळली, चालवली, माणसाळवली. चौऱ्याऐंशी साली पेन्शन घेऊन गावी आला. लोकांनी विचारलं, आता काय करणार? तर म्हणाला, "जे येतंय तेच."

त्याला दोन खोडी होत्या. एक, प्रश्न पडायची. घोडा उभ्यानं झोपतो तर पडत का नाही, घोड्याला स्वप्न पडतं का, असलं काहीबाही तो टांग्यातल्या प्रवाशालाच विचारायचा आणि प्रवासी बिचारा गाडी चुकेल म्हणून नुसता व्हय व्हय करायचा. दुसरी खोड स्वच्छतेची. बौद्धवाड्याच्या टोकाला त्याचं घर, आणि त्या अंगणात लीद पडायला नि दफेदारानं फावडं घेऊन पळायला एकच गाठ पडायची. बायको मुक्ताबाई ह्यावरून त्याची भरपूर थट्टा करायची, पण अंगण सारवताना हात तिचाही तितक्याच नेटानं चालायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पाखऱ्या पोटशुळानं गेला. सकाळी चांगला होता, दुपारी लोळायला लागला, आणि दिवस मावळायच्या आत संपला. दफेदार रडला नाही असं त्याचं म्हणणं. मुक्ताबाईचं म्हणणं वेगळं होतं.

खरी पंचाईत पुढं झाली. रतननं खाणं टाकलं. हरभरा पुढं ठेवला तर हुंगायची आणि तोंड फिरवायची. दिवसभर पाखऱ्याच्या रिकाम्या जागेकडं बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहायची. मार्चपर्यंत तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दात बघितले, ताप बघितला, पोटाला कान लावला आणि सांगितलं, "दफेदार, हिला रोग काही नाही. घोडं एकटं राहत नाही. सोबत आणा. नाहीतर ही पावसाळा काढणार नाही."

साताऱ्याचा आप्पासो वरातीचे घोडे पाळून होता. दफेदाराला फार मानायचा, कारण त्याच्या दोन अडलेल्या घोड्या दफेदारानं सोडवल्या होत्या. निरोप मिळताच तो टेम्पोत घालून एक घोडा घेऊन आला. काळाकुळकुळीत काठेवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, डौल असा की सगळा वाडा बघायला जमला.

"आठ दिस ठेवा," आप्पासो म्हणाला. "जमलं तर ऱ्हाऊ द्या."

दफेदारानं शिस्तीनं काम केलं. फौजेत नवं घोडं आलं की ते तसंच्या तसं जुन्यात सोडत नाहीत, खरूज-गोचीड घेऊन येतं. त्यानं बादलीत फिनेल टाकलं, कार्बोलिक साबणानं घोडा मानेपासून खुरापर्यंत घासला, पुसला, आयाळ विंचरली, आणि मग त्याला रतनकडं न्यायला निघाला.

रतननं लांबून बघितलं मात्र, तिचे कान ताठ उभे राहिले. ती खिंकाळली. पाखऱ्या गेल्यापासून पहिल्यांदा. मुक्ताबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. पण घोडा चार पावलांवर आला आणि रतनचे कान एकदम मागं पडले, नाकपुड्या फुगल्या, आणि काही कळायच्या आत तिनं त्याच्या मानेचा लचका तोडला. मग पाठ फिरवून लाथा. आठ दिवस रोज धुऊन, रोज नेऊन, रोज तोच तमाशा झाला.

बाहेरच्या कट्ट्यावर भाऊसो बसला होता. हा गावचा बागायतदार, सुभेदार होऊन फौजेतून परत आलेला, उसाच्या फडातून घरी जाताना रोज घटकाभर दफेदाराकडं टेकणारा. दोघांची ओळख चड्डीत असल्यापासूनची.

"काळा रंग खपत न्हाई तिला," भाऊसोनं निकाल दिला. "माझ्या खिलाराशेजारी म्हस बांधली तर त्यो वैरण सोडतोय. जनावराला रंग कळतो, गड्या."

"कळतो का, ह्ये बघाय पायजे," दफेदार म्हणाला.

दुसऱ्यांदा आप्पासोनं पांढरा घोडा आणला. ह्याच्या पाठीवर निम्म्या साताऱ्याचे नवरदेव बसून गेले होते, बँडच्या आवाजातही डुलक्या काढणारं शांत जनावर. दफेदारानं त्यालाही घासून काढलं. लांबून हाक, जवळून लचका. पुन्हा तेच.

आता दफेदाराला झोप लागेना. लांबून हाक मारते आणि जवळ आल्यावर चावते, हे काय? त्यानं एक वही केली आणि तीत लिहून काढलं: किती पावलांवरून कान उभे, किती पावलांवर मागं. तिसऱ्या दिवशी त्याला कल्पना सुचली. त्यानं चुलीतली राख चाळून घेतली, पाण्यात कालवली आणि पांढऱ्या घोड्याला सगळीकडून लिंपली. पाठीवर ठिकठिकाणी रुपयाएवढ्या जागा सोडल्या. वाड्यातली माणसं पोटं धरून हसत होती. मुक्ताबाई म्हणाली, "आवं, बैलं रंगवायचा बेंदूर अजून लांब हाय की."

पण घोडा वाळल्यावर हसणारे गप्प झाले. पन्नास पावलांवर साक्षात पाखऱ्या उभा होता.

रतननं त्याला बघितलं आणि तिला काय झालं ते दफेदार पुढं कधी नीट सांगू शकला नाही. ती ओरडली, दावं ताणून मागच्या पायांवर उभी राहिली, अंगाला कंप सुटला. दफेदारानं घाईघाईनं घोडा पुढं नेला. दहा पावलं, पाच पावलं. तिनं मान लांब करून हुंगलं. मग तिनं असा चावा घेतला की राखेसकट चामडी निघाली, आणि त्यानंतर दोन दिवस ती पाण्यालासुद्धा तोंड लावेना. दफेदारानं स्वतःला शिव्या घातल्या. मुक्या जनावराला असं फसवायला नको होतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

तरी एक गोष्ट त्यानं वहीत लिहिली. रंग तिला कळतो. पाखऱ्याचा रंग बघून ती कासावीस होते. पण नकार रंगाला नाही.

तिसरा घोडा कुमैत होता, रतनच्या जुळ्या भावासारखा. त्यालाही रतननं पिटाळलं.

"मग रंग न्हवंच," भाऊसो कट्ट्यावरून म्हणाला. "बीज हाय. तुझी रतन भीमथडी, आपल्या मातीतली. आप्पासोची तिन्ही काठेवाडी. आपलं न् परकं जनावराला जन्मानंच कळतंय. देवानंच तसं घडवलंय, त्यात वाईट काय?"

दफेदार फावडं टाकून उभा राहिला. "म्हंजे माणसानं तसं केलं तर त्येबी देवानंच घडवलंय म्हनायचं?"

"आरं, मी घोड्याचं बोलतोय."

"मीबी घोड्याचंच बोलतोय."

भाऊसो हसला आणि फडाकडचं काहीतरी सांगत उठून गेला. दफेदार मात्र हसला नाही. हा प्रश्न त्याच्या पोटात जाऊन बसला. रतन जगावी हे तर होतंच, ते पहिलं. पण ही त्याच्या हातची घोडी, त्याच्या अंगणात, नुसतं बीज बघून समोरच्याला दूर ढकलते असं ठरलं असतं तर त्याला फार लागलं असतं. सोळाव्या वर्षी, छप्पन साली, तो आईबापांबरोबर धम्मात आला होता. माणूस जन्मानं वरखाली नसतो हे त्यानं तेव्हापासून गाठीशी बांधलं होतं. आता जनावरानंच उलटी साक्ष दिली तर काय करायचं?

मे संपत आला. रतनला टांग्याला जुंपणं दफेदारानं केव्हाच बंद केलं होतं. ती आता भिंतीला टेकून उभी राहायची. त्याच आठवड्यात कोकणातून परतणारी धनगरांची मेंढरं गावाबाहेर उतरली. त्यांतला गुंडा, माणदेशातला, दरवर्षी आपल्या तट्टाचे खूर बघून घ्यायला दफेदाराकडं यायचा. यंदाही आला. तट्टू म्हणजे अबलख, काळ्यापांढऱ्या चट्ट्यांचं, बुटकं, पोट सुटलेलं. त्याच्या पाठीवर गुंडाचा सगळा संसार येजा करायचा. अंगाला मेंढरांचा, घामाचा, धुराचा वास, शेपटीत कुसळं.

दफेदार टांगा घेऊन नव्हे, पायीच दुकानात गेला होता, कारण फिनेल संपलं होतं. गुंडानं वाट बघितली आणि तट्टू मोकळंच सोडून तो पाणी प्यायला बसला. दफेदार बाटली घेऊन परत आला तेव्हा मुक्ताबाई दारात उभी होती आणि तिनं तोंडावर बोट ठेवून त्याला थांबवलं.

तट्टू रतनच्या गळ्याशी उभं होतं. दोघांची नाकं एकमेकांना लागलेली. रतन त्याच्या नाकात श्वास सोडत होती आणि त्याचा श्वास ओढून घेत होती. मग तिनं त्याची मान हुंगली, खांदा हुंगला, पोट हुंगलं, कुठं घाई नाही. शेवटी त्याच्या मानेवर दातांनी हळूहळू खाजवायला लागली, आणि तट्टूही तिच्या पाठीवर तसंच करायला लागलं. पाच मिनिटांनी दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालून कडबा खात होती.

मुक्ताबाईनं डोळ्याला पदर लावला. दफेदारालाही भरून आलं, आणि त्याच वेळी त्याचं मन खट्टू झालं. कारण तट्टू भीमथडी होतं. भाऊसोच खरा ठरला म्हणायचा.

"दोन दिस ऱ्हाऊ दे गुंडा, तिला जरा जोर येऊ दे," तो म्हणाला, आणि सवयीनं बादली भरायला गेला. मेंढरांत राहिलेलं जनावर, गोचीड असणारच. त्यानं तट्टू सोडून आडाजवळ नेलं, नवी बाटली फोडली, चांगलं घासूनपुसून काढलं. गुंडा बघतच राहिला. त्या तट्टाला जन्मात साबण लागला नव्हता. चकचकीत झालेलं तट्टू घेऊन दफेदार परत आला.

रतननं लांबून हाक दिली. जवळ आल्यावर कान मागं पाडले आणि तट्टाच्या कानाला धरलं.

दफेदार लगाम धरून नुसता उभा राहिला. तेच तट्टू. तोच रंग, तेच बीज. मघाशी हिनं ह्याची मान खाजवली होती.

"आवं," मुक्ताबाई हळूच म्हणाली, "पाखऱ्या गेला त्या दिशी तुमी त्याला पुराय गेला. आन् येऊन सगळी जागा फिनेलनं धुतली. चार बादल्या. म्या बघितलं व्हतं, रतन कोपऱ्यात नाक भित्तीला लावून थरथरत उभी व्हती. त्यो वास आला आन् तिचा पाखऱ्या गेला, येवढंच तिला ठावं."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"मला तरी कुठं कळलं व्हतं? आत्ता कळलं. येकाद्या पाहुन्याला मरणाची आंघोळ घातली आसती तर गोष्ट येगळी. तुमी समद्यांनाच घातली."

चोवीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस आडाच्या कट्ट्यावर बसला. प्रत्येक घोड्याला त्यानं स्वतःच्या हातांनी नकोसा केला होता. आपण कोण, कुठून आलो, काय खाल्लं, हे घोडं अंगाच्या वासानं सांगतं. ते सगळं तो आधी पुसून टाकत होता आणि वर तो वास चढवत होता. वहीत त्यानं पावलं मोजली होती, रंग लिहिले होते, कान लिहिले होते. बादली लिहिली नव्हती. स्वच्छतेत चूक असेल असं त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी मेंढरं हलली आणि तट्टू गेलं. लग्नसराई संपल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आप्पासोनं पुन्हा पांढरा घोडा आणला. दफेदारानं निरोपच तसा दिला होता: धुऊ नकोस, पुसू नकोस, आहे तसा आण. आप्पासोनं तो जरा जास्तच मनावर घेतला असावा. घोड्याच्या मांड्यांवर लीद वाळलेली, पाठीवर जुना गुलाल, पोटाला चिखल.

तो टेम्पोतून उतरला तेव्हा वाडा जमला होता, कट्ट्यावर भाऊसो होता, आणि दफेदाराचा हात आपोआप बादलीकडं गेला. अशा अवतारातलं जनावर त्याच्या दारात उभं आहे आणि लोक बघताहेत, हे त्याला सहन होईना. मुक्ताबाईनं बादली उचलली आणि घरात नेऊन ठेवली.

त्यानं घोडा तसाच नेला. पाच पावलांवर थांबला आणि दोर सैल सोडला. रतन आता इतकी खंगली होती की ह्या वेळी जमलं नाही तर पुढची वेळ येणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं मान पुढं केली. घोड्याचं नाक हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. मग मान, मग खांदा, मग तो चिखलानं माखलेला पोटाखालचा भाग, अगदी सावकाश. ह्याच घोड्याची चामडी तिनं दोन महिन्यांपूर्वी काढली होती. आता तिनं एक लांब सुस्कारा सोडला आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. घोडा बिचारा डुलकी काढायला लागला.

"पांढरा काठेवाडी," दफेदार भाऊसोकडं वळून म्हणाला. "रंग येगळा, बीज येगळं. बघ."

"बघितलं रं," भाऊसो म्हणाला. "हरलो म्या."

दफेदार त्याच्याजवळ कट्ट्यावर येऊन बसला. मग दफेदारच बोलायला लागला, भांडायच्या सुरात नाही, प्रवाशाला प्रश्न विचारावा तसा.

"भाऊसो, शाळेत जाताना माझी आई मला वजरीनं घासायची. अंग लाल व्हायचं, रगत यायचं येकेकदा. म्हनायची, सवच्छ गेलास तर आत बसवत्याल. मी दारात बसायचो. तू पुढं, खिडकीपाशी. चार वर्सं. मला वाटायचं, आजून नीट घासलं न्हाई." तो भाऊसोकडं वळला. "तुला कवा माझा वास आला व्हता का रं?"

भाऊसोनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जवळ आलोच न्हवतो, अर्जुना," तो म्हणाला. "वास कसा येनार?"

दफेदारानं मान हलवली. त्याला हे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी हवं होतं, पण आज मिळालं तेही काही कमी नव्हतं. समोर रतननं पांढऱ्याच्या पुढ्यातला कडबा ओढून घेतला आणि करकर आवाज करत खायला लागली.